झाशीचे ध्रुवपद

झाशी हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या मनात इतिहासाच्या आधी एक गाणे जागे होते. बेतवा नदीच्या काठचा तो मुलूख ज्यांनी कधी पाहिला नाही, झाशीचा किल्ला ज्यांना चित्रातूनच ठाऊक आहे, अशा माणसांनाही त्या गाण्याचे ध्रुवपद पाठ असते. आणि तेही हिंदीतले. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादी आठ-दहा वर्षांची मुलगी कमरेला शेला बांधून उभी राहते, लांबलांब ओळी धीटपणे म्हणू लागते, आणि कडव्याच्या शेवटी ध्रुवपद आले की सारे सभागृह नकळत तिच्याबरोबर म्हणू लागते. मधल्या ओळी विसरल्या तरी चालतात. ध्रुवपद कोणी विसरत नाही. एखाद्या गाण्याला इतके दीर्घ आयुष्य कशाने लाभते, या प्रश्नाचा विचार करण्यास झाशीच्या गाण्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हे गाणे म्हणजे सुभद्राकुमारी चौहान यांची ‘झाँसी की रानी’ ही कविता. सुभद्राकुमारींचा जन्म १९०४ सालचा, अलाहाबादजवळच्या निहालपूर गावचा. विवाहानंतर त्या जबलपूरच्या झाल्या, आणि जुन्या मध्यप्रांताच्या सार्वजनिक जीवनात त्यांनी आपले स्थान निर्माण केले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. ‘मुकुल’ या त्यांच्या १९३० सालच्या संग्रहात ही कविता आहे. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना सिवनीजवळ मोटारीच्या अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी इतरही पुष्कळ लिहिले, कथा लिहिल्या, मुलांसाठी कविता केल्या. परंतु लोकांच्या तोंडी त्यांचे नाव राहिले ते या एका गाण्याने.

कवितेची रचना साधी आहे. चार लांब ओळी कथा पुढे नेतात, पाचवी ओळ ध्रुवपदाशी यमक जुळवून घेते, आणि मग ठरलेल्या दोन ओळी येतात. या दोन ओळींत कवयित्री दोनच गोष्टी करतात. राणी कशी लढली याला त्या दाद देतात, आणि ही कहाणी आपण बुंदेलखंडातील हरबोल्यांच्या तोंडून ऐकली, अशी कबुली देतात. स्तुतीच्या शेजारी कबुली बसावी, हे वीरगीतात नित्य आढळणारे नाही. या कबुलीतच गाण्याच्या दीर्घायुष्याचे मर्म आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी प्रथम झाशीत काय घडले ते थोडक्यात आठवले पाहिजे.

झाशीचा किल्ला ओर्छ्याच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. अठराव्या शतकात पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी किल्ला वाढविला आणि शहर वसविले; त्यांच्यामागून सुभेदारी नेवाळकरांच्या घराण्याकडे आली. अशा रीतीने बुंदेली बोलणाऱ्या मुलखाच्या मध्यभागी एक मराठी दरबार उभा राहिला. तेथे गणपतीचे देऊळ होते, वेदशास्त्र जाणणारे ब्राह्मण होते, मोडी लिहिणारे कारकून होते, आणि अखेरचे राजे गंगाधरराव यांना तर नाटकाचे वेड होते. बाजीरावांच्या आश्रयाने ब्रह्मावर्तात राहणाऱ्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मनकर्णिका १८४२ साली याच गंगाधररावांशी विवाहबद्ध झाली आणि लक्ष्मीबाई झाली. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. परंतु लॉर्ड डलहौसीने तो मानला नाही आणि १८५४ साली झाशी खालसा झाली.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. जून १८५७ मध्ये झाशीची पलटण उठली. मार्च १८५८ च्या अखेरीस सर ह्यू रोजने शहराला वेढा घातला. १ एप्रिलला मदतीस आलेल्या तात्या टोप्यांचा बेतवेकाठी पराभव झाला, ३ एप्रिलला इंग्रज फौज तटावरून शहरात शिरली, आणि ४ एप्रिलच्या रात्री राणी थोड्या स्वारांनिशी किल्ल्याबाहेर पडली. कोंच, काल्पी आणि ग्वाल्हेर असा तिचा अखेरचा प्रवास झाला. १८५८ च्या जूनमध्ये, १७ किंवा १८ तारखेला, ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथील लढाईत ती पडली. बंडवाल्यांच्या पुढाऱ्यांत हीच सर्वांत शूर आणि सर्वांत चांगली होती, असा निर्वाळा खुद्द ह्यू रोजने दिला.

राज्य गेले, राणी गेली, शहर लुटले गेले. कागदोपत्री झाशीचा निकाल लागला. सरकारी दप्तरात बंडाचे अहवाल बांधून ठेवले गेले आणि त्यांच्या लेखी प्रकरण संपले. ज्यांच्याजवळ दप्तर नव्हते त्यांच्याजवळ गळा होता. पुढील काळात बुंदेलखंडात आणि आसपासच्या प्रांतांत राणीची गाणी गाइली जाऊ लागली. ती कोणी प्रथम रचली हे शोधणे व्यर्थ आहे. लोकगीताचा कर्ता शोधणे म्हणजे नदीतील पाणी कोणत्या ढगाचे हे विचारण्यासारखे आहे.

तथापि एक नोंद निश्चित आहे. विल्यम क्रुक हे उत्तर हिंदुस्थानात नोकरी केलेले इंग्रज मुलकी अधिकारी आणि लोकसाहित्याचे व्यासंगी संग्राहक. त्यांनी १९११ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात बंडाची लोकगीते प्रसिद्ध केली. त्यांत झाशीच्या राणीचे एक छोटे गीत आहे, आणि राणीच्या लढण्याला दाद देणारे त्याचे ध्रुवपद हेच सुभद्राकुमारींच्या ध्रुवपदाचे मूळ आहे. हे गीत छापले गेले तेव्हा सुभद्राकुमारी सहा-सात वर्षांच्या होत्या. म्हणजे हरबोल्यांकडून ऐकले असे त्या सांगतात ते केवळ काव्यातील अलंकार म्हणून नव्हे. ज्या ओळीवर सारी कविता उभी आहे ती ओळ लोकांची होती. कवयित्रींनी ती घेतली आणि कोणाकडून घेतली ते त्याच ठिकाणी सांगून टाकले. उसने घेतल्याची अशी पावती इतक्या उघडपणे क्वचितच दिली जाते.

त्या मूळ गीतात काय आहे, हेही पाहण्यासारखे आहे. तेथे सिंहासने डळमळत नाहीत, देशाच्या स्वातंत्र्याची भाषा नाही. बुरुजाबुरुजांवर तोफा डागल्याचे वर्णन आहे. शिपायांना मिठाई वाटली गेली आणि राणीने स्वतः मात्र गूळ घातलेले भाजके धान्य खाल्ले, असे सांगितले आहे. आणि शेवटी, मोर्चा सोडून ती धावली तेव्हा शोधूनही पाणी मिळाले नाही, असे म्हटले आहे. गीत तेथेच संपते. ज्याने हे गीत रचले त्याला राणीचे थोरपण दाखविण्यासाठी देवदेवतांची उपमा सुचली नाही. शिपायांच्या पानातील गोड आणि राणीच्या ओंजळीतील फुटाण्यांसारखे धान्य एवढेच त्याला पुरेसे वाटले. उपाशी माणसाची दृष्टी या गीतात आहे. धनी काय खातो आणि चाकराला काय खाऊ घालतो, यावरून गरीब मनुष्य धन्याची परीक्षा करतो. त्या परीक्षेत राणी उतरली.

हे हरबोले म्हणजे कोण? मराठी श्रोत्याला त्यांची ओळख फार दूरची नाही. रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ‘बासदेवा’ या भिक्षेकरी जातीची जी दुसरी नावे दिली आहेत त्यांत ‘वासुदेव’ आणि ‘हरबोला’ ही दोन्ही आहेत. मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवीत पहाटे दारी येणारा आपला वासुदेव आणि बुंदेलखंडातील हरबोला हे एकाच वाटेचे वाटसरू. देवाचे नाव घ्यायला लावतो तो हरबोला. पहाटे झाडावर चढून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात हरबोला गातो, गृहस्थांची नावे घेतो आणि दान मागतो, असे त्या मुलखात सांगतात. दारोदार फिरणारा हा मनुष्य एका गावची बातमी दुसऱ्या गावी नेतो. आणि बातमी पुन्हापुन्हा सांगितली गेली की तिचे गाणे होते. राज्यकर्त्यांची भीती वाटत असलेल्या काळात भिक्षेकऱ्याच्या झोळीइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती असणार?

भिक्षेकऱ्यांच्या जोडीला कवीही होते. बंडाला फार वर्षे लोटली नव्हती तोच कल्याणसिंह कुडरा यांनी झाशीचा ‘राइसो’ रचला. विसाव्या शतकाच्या आरंभी मदनमोहन द्विवेदी ‘मदनेश’ यांनी ‘लक्ष्मीबाई रासो’ लिहिला. रासो म्हणजे आपल्या पोवाड्याचा उत्तरेकडील वडीलधारा भाऊबंद. या दुसऱ्या रासोचे संपादन पुढे भगवानदास माहौर यांनी केले, आणि या माहौरांची कथा झाशीच्या गाण्याशी विलक्षण रीतीने जोडलेली आहे. ते चंद्रशेखर आझादांच्या क्रांतिकारक दलातील झाशीचे तरुण. १९२९ साली भुसावळ स्थानकावर ते आणि झाशीचेच मराठी क्रांतिकारक सदाशिवराव मलकापूरकर शस्त्रांसह पकडले गेले, आणि १९३० साली जळगावच्या न्यायालयात माहौरांनी माफीच्या साक्षीदारांवर गोळी झाडली. दीर्घ तुरुंगवासानंतर हाच मनुष्य १८५७ च्या युद्धाचा हिंदी साहित्यावर काय परिणाम झाला याचा अभ्यासक झाला. तरुणपणी हाती पिस्तूल, उतारवयात हाती रासोची जुनी पोथी: या दोन गोष्टींत त्यांना विसंगती वाटली नसावी. जे गाणे ऐकत ते वाढले त्याची जपणूक हेही त्यांच्या दृष्टीने त्याच कामाचे पुढचे पाऊल होते.

गाण्याच्या चालीतही एक ओळखीची खूण आहे. सुभद्राकुमारींच्या लांब ओळींत सोळा मात्रांनंतर यती येतो आणि पुढे चौदा मात्रा येतात. तीस मात्रांच्या या मापाला हिंदी छंदशास्त्रात ताटंक म्हणतात, आणि अंत्य अक्षरांचे बंधन सैल असले की त्याच मापाला ‘लावनी’ म्हणतात. हे नाव ऐकताच मराठी कान टवकारले जातात, आणि ते योग्यच आहे. डफावर रात्र रात्र चालणारे कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब महाराष्ट्राच्या तमाशात रंगले, तसेच ते माळव्यात, बुंदेलखंडात आणि थेट गंगायमुनेच्या दुआबातही रंगले. सैन्याबरोबर, यात्रेकरूंबरोबर आणि गोसाव्यांबरोबर ही चाल वर-खाली हिंडली. सोळा मात्रांवर श्वास घ्यावा आणि चौदा मात्रांत वाक्य आटपावे, हे माप गर्दीत उभे राहून म्हणण्यास फार सोयीचे असते. शाळेतील मुलीला ते छंदशास्त्र न शिकताही साधते, याचे कारण ते माप फडावर घासून-पुसून गुळगुळीत झालेले आहे.

इतके झाले तरी एक शंका उरते. लोकगीते अतिशयोक्ती करतात. मातीचे सैन्य केले, लाकडाची तलवार केली, डोंगराचा घोडा केला, अशीही राणीची गाणी बुंदेलखंडात आहेत. मग इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे मोल काय? या शंकेचे उत्तर एका मराठी पुस्तकात मिळते. कुलाब्याकडील वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक दक्षिणा मिळविण्याच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. पंचवीसएक वर्षांनंतर त्यांनी आपली हकीकत लिहिली. चिंतामणराव वैद्य यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध केली, आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून तिची नवी आवृत्ती काढली. तोफांचे गोळे शहरात कसे पडत, लोक कोठे लपत, शहर पडल्यावर लूट आणि कत्तल कशी झाली, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची काय दशा झाली, हे सारे गोडशांनी डोळ्यांनी पाहिल्यासारखे, आणि पुष्कळसे डोळ्यांनी पाहूनच, लिहून ठेवले.

याच पुस्तकात एक प्रसंग आहे. झाशी सोडल्यावर काल्पीच्या वाटेवर गोडसे एका विहिरीपाशी असतात. काही स्वार येतात. त्यांत धुळीने माखलेली, पुरुषी पोशाखातील राणी असते. तिला तहान लागली आहे. गोडसे पाणी काढून देऊ लागतात, तेव्हा ती त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये असे म्हणून स्वतःच पोहरा ओढते आणि ओंजळीने पाणी पिते. आपण एक विधवा, आपल्याला पोटापुरते धान्य लागायचे, या खटाटोपाची आपल्याला गरज नव्हती, अशा आशयाचे चार खिन्न शब्द ती बोलते आणि घोड्यावर बसून निघून जाते.

विहिरीवरचे हे पाणी आणि लोकगीतातील न मिळालेले पाणी यांचा प्रसंग एकच आहे असे म्हणता येणार नाही. गीत एक सांगते, गोडसे दुसरे सांगतात. परंतु कोकणातील भिक्षुकाने आणि उत्तरेतील अनाम गायकाने, एकमेकांची वार्ताही नसताना, राणीची जी मूर्ती मनात जपली तिच्या हातात दोन्हीकडे तलवारीइतकीच तहान आहे. साधे खाणे, स्वतःचे काम स्वतः करणे आणि पराभवाच्या वाटेवरील कोरडा घसा या खुणा दोघांनीही टिपल्या. तोफा किती होत्या याविषयी लोकगीत चुकू शकते; माणूस कसा होता याविषयी ते बरेचदा चुकत नाही. लोकगीताचे ऐतिहासिक मोल असेल तर ते येथे आहे.

या ठिकाणी दूरच्या एका गाण्याशी तुलना उद्बोधक ठरेल. अमेरिकेत दूरचित्रवाणी नवी होती त्या काळी, १९५४ च्या डिसेंबरात, वॉल्ट डिस्ने यांच्या कार्यक्रमात डेव्ही क्रॉकेट या सीमाप्रांतातील शिकाऱ्याची आणि लढवय्याची कथा दाखविण्यात आली. क्रॉकेट हा खरा पुरुष. १८३६ साली टेक्सासमधील अलामोच्या लढ्यात तो पडला. मालिकेसाठी टॉम ब्लॅकबर्न यांनी शब्द लिहिले आणि जॉर्ज ब्रन्स यांनी चाल दिली. नायकाच्या जन्मापासून आरंभ, कडव्याकडव्याने पराक्रम, आणि शेवटी त्याच्या नावाचे ध्रुवपद, अशी ती रचना होती. १९५५ साली ते गाणे अमेरिकेत सर्वाधिक खपाच्या ध्वनिमुद्रिकांत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि गावोगावची मुले क्रॉकेटसारखी केसाळ, शेपटीदार टोपी घालून हिंडू लागली. टोप्यांची लाट लवकरच ओसरली. गाणे मात्र राहिले. आपला नायक पर्वतशिखरावर जन्मला असे ते गाणे सांगते. वस्तुतः तो १७८६ साली टेनेसीतील एका नदीकाठी जन्मला होता. तरी गाणाऱ्यांनी शिखरच पसंत केले.

दोन्ही गाण्यांची बांधणी सारखी आहे. बालपण, पराक्रम, मृत्यू, आणि प्रत्येक वळणावर परत येणारे नाव. लहान मुलांना ती आवडतात याचेही कारण एकच: ध्रुवपद येणार हे आधीच ठाऊक असते, आणि ज्याची वाट पाहावी ते नेमके यावे यात बालमनाला मोठे सुख असते. भेद आहे तो उगमाचा. अमेरिकेतील गाणे कार्यक्रमासाठी जन्मले. झाशीच्या बाबतीत गाणे आधी होते आणि कार्यक्रम मागून आले. सोहराब मोदींचा १९५३ सालचा रंगीत चित्रपट, २००९ साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेली मालिका, २०१९ सालचा ‘मणिकर्णिका’ चित्रपट, या साऱ्यांना प्रेक्षक आयता मिळाला, कारण नायिकेची ओळख गाण्याने करून दिलेली होती. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा. क्रॉकेटच्या गाण्यातील निवेदक सर्वज्ञ आहे. झाशीच्या गाण्यातील निवेदिका म्हणते की मी ऐकले. जी स्वतः ऐकणारी आहे तिच्या शेजारी दुसऱ्या ऐकणाऱ्याला बसता येते. ध्रुवपद म्हणताना शाळेतील मुलगी हरबोल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहते. तिच्यानंतर कोणी म्हणेल तेव्हा तीही त्या ‘ऐकविणाऱ्यांत’ जमा होते.

गाणे सर्व काही सांगत नाही, हेही स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. जून १८५७ मध्ये झोकनबागेत शरण आलेल्या इंग्रज स्त्री-पुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली. तिचा उच्चार गाण्यात नाही. एप्रिल १८५८ मध्ये शहरात जे नागरिक मारले गेले त्यांची नावे गाण्यात नाहीत. गुलाम गौस खान या गोलंदाजाची कबर किल्ल्यात आहे, परंतु शाळेतील मुलाला त्याचे नाव क्वचितच ठाऊक असते. एका स्वाराला उजेडात आणताना गाणे बाकीच्यांना अंधारात ठेवते. ध्रुवपदात एकच नाव मावते.

पण ज्यांची नावे मावली नाहीत त्यांनी आपली वेगळी गाणी धरून ठेवली. कोरी समाजातील झलकारीबाई राणीच्या वेषात शत्रूसमोर गेली, ही कथा बुंदेलखंडातील विणकरांच्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ग्रंथांनी तिची दखल फार उशिरा घेतली. २००१ साली भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. सरकारी दप्तराने ज्या राणीला बंडखोर म्हणून नोंदविले तिला हरबोल्यांनी राणी म्हणून राखले, आणि राणीच्या कीर्तीत जी झाकली गेली तिला तिच्या जातभाईंनी राखले. ज्यांच्या नावावर जमीन नसते त्यांच्या नावावर निदान एक गाणे असते, आणि ते ज्या घराला सांभाळता आले त्या घरातील माणूस इतिहासातून पुरता पुसला जात नाही. म्हणून गाण्याचा प्रश्न हा केवळ रसिकतेचा प्रश्न ठरत नाही.

मराठीतही झाशीच्या राणीची एक अविस्मरणीय कविता आहे. कविवर्य भास्कर रामचंद्र तांबे ग्वाल्हेरच्या बाजूचे. आडनाव राणीच्या माहेरचे. त्यांची कविता वाटसरूला राणीच्या समाधीपाशी थांबविते आणि त्याच्याकडून मूक अश्रू मागते. सुभद्राकुमारींची कविता थांबू देत नाही. ती घोड्याच्या टापांवर चालते आणि ऐकणाऱ्याकडून आवाज मागते. एक समाधीपाशी म्हणावी, दुसरी रस्त्यावर म्हणावी. शोकाला एकांत लागतो, म्हणून तांब्यांची कविता मराठी घरांत हळुवारपणे जपली गेली. अभिमानाला सोबत लागते, म्हणून सुभद्राकुमारींची कविता भाषेची वेस ओलांडून गेली. १९४३ साली सिंगापुरात नेताजी सुभाषचंद्रांनी स्त्रियांची पलटण उभी केली तेव्हा तिला झाशीच्या राणीचेच नाव दिले. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या हाताखाली मलायातील रबराच्या मळ्यांवरील ज्या तमिळ मुली त्या पलटणीत दाखल झाल्या, त्यांतील अनेकींनी हिंदुस्थानची भूमी कधी पाहिलीही नव्हती. त्यांना झाशी कोठे आहे हे नकाशावर दाखविता आले नसते; नाव मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले होते.

झाशीत आज किल्ला आहे, ‘कडक बिजली’ तोफ आहे, राणीच्या महालात संग्रहालय आहे, आणि जेथे तिचा विवाह झाला ते गणपतीचे देऊळही आहे. या वस्तू पाहण्यासाठी झाशीला जावे लागते. गाण्यासाठी कोठेही जावे लागत नाही. ज्या राज्याचा वारस कायद्याने नाकारला गेला, त्या राज्याला गाण्याने इतके वारस दिले की त्यांची मोजदाद करणे कोणत्याही दप्तराला शक्य नाही. त्यांतील प्रत्येकाने ते गाणे दुसऱ्या कोणाकडून तरी ऐकलेले असते, आणि तसे सांगण्याची सोय त्या ध्रुवपदातच करून ठेवलेली आहे.